कापसाचा वेचा: कंबर सांभाळून जास्त कापूस कसा वेचावा

संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, वजनकाटा लागला की सगळ्यांचे डोळे आकड्याकडे असतात. बेचाळीस किलो, अडतीस, एकतीस. वहीत आकडे मांडताना गाठोडं ठेवणाऱ्या बाईकडे मी कित्येक वर्षं नीट पाहिलंच नव्हतं. एकदा पाहिलं. पन्नाशीच्या एक मावशी गाठोडं टेकवून सरळ व्हायला गेल्या आणि अर्ध्यातच थांबल्या. मग दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून हळूहळू वर आल्या. "भाऊ, घरी गेल्यावर चुलीपुढं बसताच येत नाई मले," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. त्या आठवड्यात माझा फुटलेला कापूस पऱ्हाटीवर, म्हणजे झाडावरच होता आणि वर आभाळ भरून आलं होतं.

त्या रात्री मी एक साधा हिशोब केला. एका बोंडात साधारण चार ग्रॅम कापूस निघतो. म्हणजे एका किलोला अडीचशे बोंडं आणि चाळीस किलोला दहा हजार. दहा हजार वेळा हात जातो, बोटं पाकळ्यांत शिरतात, कापूस ओढतात आणि ओटीत टाकतात. त्यातली निम्मी बोंडं गुडघ्याच्या आसपास असतील तर तेवढ्या वेळा कंबर वाकलेली असते. एवढं काम आपण ज्या शरीराकडून करून घेतो, त्याच्यासाठी आपली तयारी काय असते? बैलाच्या खांद्याला जू लागून घट्टा पडला तर आपण हळद-तेल लावतो, जू तासून घेतो. वेचणाऱ्या बाईच्या कमरेसाठी असं काहीच करत नाही.

मी वर्धा जिल्ह्यातला कोरडवाहू कापूसवाला आहे. पुढे जे लिहिलंय ते माझ्या वावरात हंगामामागून हंगाम करून पाहिलेलं आहे. काही गोष्टी पहिल्याच दिवशी जमल्या, काहींना बायांनी नकार दिला आणि तो बरोबर होता. हे मी शेतमालकांसाठी आणि मुकादमांसाठी लिहितोय. वेचायला जाणाऱ्या बायांच्या आणि बचत गटांच्या हाती पडलं तर जास्तच बरं.

पहिली पायरी: काहीही बदलण्याआधी एक दिवस मोजा

वेचणी नेहमीसारखीच चालू द्या आणि वही घेऊन धुऱ्यावर बसा. चार गोष्टी लिहा. प्रत्येकीचा दुपारच्या जेवणापर्यंतचा कापूस किती आणि जेवणानंतरचा किती. ओटी रिकामी करायला ती किती फेऱ्या मारते. ढीग तिच्या पातीपासून, म्हणजे वेचायच्या ओळीपासून, किती पावलांवर आहे. आणि संध्याकाळी निघताना "कुठं दुखतंय तिथं हात ठेवून दाखवा" असं विचारून तिने कुठे हात ठेवला.

शेवटचा प्रश्न पुरुषाने विचारला तर बाया लाजतात, "काई नाई" म्हणून मोकळ्या होतात. माझ्याकडे हे काम बायकोने केलं. बहुतेकींचा हात आधी कमरेच्या खालच्या भागावर गेला, मग मानेवर आणि उजव्या खांद्यावर. दोघींनी बोटांची नखं दाखवली. मोजणीतून दुसरीही एक गोष्ट कळली: जवळजवळ प्रत्येकीचा दुपारनंतरचा कापूस सकाळपेक्षा बराच कमी होता. मी ते उन्हावर ढकलत आलो होतो. खरं तर ऊन, रिकामं पोट, ताठलेली पाठ आणि न प्यायलेलं पाणी हे सगळं मिळून तो आकडा खाली ओढत होतं.

हा कागद जपून ठेवा. पुढे काय बदललं हे त्यावरूनच कळेल.

दुसरी पायरी: ढीग जवळ आणा

खर्च शून्य, फायदा लगेच. म्हणून हे आधी.

समजा वावर दोनशे मीटर लांब आणि साठ मीटर रुंद आहे, म्हणजे साधारण तीन एकर. ढीग रस्त्याकडच्या टोकाला, कारण बैलबंडी किंवा ट्रॅक्टर तिथे लागतो. मग बाईला ढिगापर्यंत सरासरी शंभर मीटर जायचं आणि शंभर मीटर परत यायचं. ओटीत साडेचार किलो मावत असेल तर चाळीस किलोसाठी नऊ फेऱ्या, म्हणजे अठराशे मीटर चाल. त्यातली अर्धी ओझं घेऊन, ढेकळांतून, पऱ्हाटीच्या फांद्या बाजूला सारत. तेच दोन ढीग वावराच्या आत, दोन्ही टोकांपासून पन्नास-पन्नास मीटरवर केले तर एका बाजूचं सरासरी अंतर पंचवीस मीटरवर येतं आणि दिवसाची चाल साडेचारशे मीटर होते. वाचलेले साडेतेराशे मीटर तासाला तीन किलोमीटरच्या चालीने सत्तावीस मिनिटांचे होतात. ताशी साडेपाच-सहा किलो वेचणाऱ्या बाईच्या हाती तेवढ्या वेळात अडीच किलो जास्त येतो, तोही न पळता.

ढिगाच्या जागी आदल्या दिवशी चार-पाच झाडांपुरती जागा साफ करून घ्या आणि जुन्या सुती चादरी अंथरा. प्लास्टिकच्या खताच्या पोत्याची चादर करू नका. त्याचा धागा कापसात गेला की पुढे सुतात आणि कापडात जातो, त्याच्यावर रंग चढत नाही, आणि जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढतात तिथे, माल बघणारा माणूस तो धागा लगेच ओळखतो. बायांनी केसांवर रुमाल बांधायचा तो ऊन लागू नये म्हणून आणि कापसात केस जाऊ नये म्हणूनही.

तिसरी पायरी: ओटी सोडा, खिशाचा अॅप्रन शिवा

लुगड्याचा किंवा ओढणीचा पदर कमरेला खोचून केलेली ओटी ही आपल्या आज्यांची युक्ती. पैसे लागत नाहीत, हात मोकळे राहतात. पण सगळं वजन पोटाच्या पुढे लटकतं, आणि त्याचा परिणाम तराजूसारखा होतो. ओटी मणक्यापासून वीतभर-दीड वीत, साधारण तीस सेंटिमीटर पुढे असते. ते वजन सावरणारे पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात. म्हणून पुढे लटकलेले पाच किलो पेलायला पाठीला सहापट, म्हणजे तीस किलोच्या ओझ्याइतका जोर लावावा लागतो. ती आधीच वाकलेली असते, त्यामुळे खरा भार याहून जास्त. गावातली कोणतीही जुनी वेचणारी बाई हे आकडे न सांगता सांगेल: "ओटी भरली की कंबर ओढते."

उपाय सोपा आहे. वजन पुढून काढून दोन्ही बाजूंना आणायचं आणि कमरेच्या हाडावर व खांद्यांवर वाटून द्यायचं. कृषी विद्यापीठांच्या गृहविज्ञान विभागांनी वेचणीसाठी असे खिशांचे कोट आणि पिशव्या तयार केल्या आहेत. गावच्या शिंप्याकडूनही चांगला होतो. माझ्याकडच्या अॅप्रनची मापं अशी:

कापड जाड मांजरपाट, एका अॅप्रनला सव्वादोन मीटर. खांद्याचे पट्टे तीन बोटं रुंद हवेत. नाडी किंवा दोरी लावली तर ती खांद्यात रुतते आणि दोन दिवसांत अॅप्रन खुंटीला टांगला जातो. पट्टे पाठीवर एकमेकांवरून तिरपे जातात, म्हणजे हात वर केला तरी घसरत नाहीत. कमरेचा पट्टा चार बोटं रुंद, आणि तो पोटावर न बांधता खाली, दोन्ही कुल्ल्यांच्या हाडांवर टेकेल असा. दोन्ही बाजूंना एकेक खोल खिसा, तोंड इतकं मोठं की मूठभर कापूस न बघता आत जावा. खिशाची खोली वीत-दीड वीतच ठेवा. मोठा केला की भरला जातो, आणि दोन्ही मिळून पाच-सहा किलोच्या वर गेलं की केलेलं सगळं वाया जातं. सगळ्यात महत्त्वाचं, खिशाचं बूड उघडं शिवून नाडीने बांधायचं. ढिगावर उभं राहून नाडी सोडली की कापूस खाली पडतो. वाकून, हाताने उपसून काढावा लागत नाही.

आमच्याकडे बाया साडीवरून नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट घालतात. अॅप्रन त्याच शर्टावरून बसतो, म्हणून माप शर्ट घालूनच घ्या. पहिल्या वर्षी मी सगळे एकाच मापाचे शिवले. उंच बाईचा पट्टा पोटावर यायचा आणि ठेंगण्या बाईचे खिसे गुडघ्याला आपटायचे. चार बायांनी ते आठवडाभरात परत केले. दुसऱ्या वर्षी पट्ट्यांना तीन-तीन बटणं लावली आणि तक्रार मिटली.

सवय लागायला तीन-चार दिवस जातात. पहिल्या दिवशी कापूस थोडा कमी भरतो, हे मालकाने आधीच मान्य करायला हवं. माझ्याकडे पहिले चार दिवस मी किलोऐवजी रोज, म्हणजे दिवसाची ठरलेली मजुरी दिली. किलोच्या भावावर नवं काही शिकायला सांगणं म्हणजे शिकण्याचा खर्च बाईच्या पदरात टाकणं.

चौथी पायरी: वाकण्याची वाटणी

कापसाचं बोंड खालून वर फुटत जातं. पहिल्या वेच्याला फुटलेला कापूस गुडघ्याच्या खाली-वर असतो, दुसऱ्या-तिसऱ्या वेच्याला कमरेपासून छातीपर्यंत. म्हणजे सगळ्यात जास्त वाकणं पहिल्या वेच्यात, ऑक्टोबरच्या उन्हात, सवय मोडलेल्या शरीराने. पहिला वेचा संपेपर्यंत रोजचं उद्दिष्ट कमी धरा आणि बाया दोन-तीन जास्त लावा.

एका झाडावर वेचताना खालच्या बोंडांपासून वर जायचं. ही शिफारस कापसाच्या स्वच्छतेसाठी आहे, कारण वरून सुरुवात केली की वाळलेल्या पानांचा चुरा खालच्या उघड्या कापसावर पडतो. पण ती पाठीलाही सोयीची आहे: प्रत्येक झाडाशी वाकून सुरुवात होते आणि सरळ उभं राहून शेवट होतो. वरून खाली वेचणारी बाई मात्र खालच्या बोंडावरून तशीच वाकून पुढच्या झाडाकडे सरकते, आणि अख्खी पात वाकूनच संपते. मी हे धुऱ्यावर बसून मोजलं तेव्हाच लक्षात आलं.

वाकायचं कसं, हे सांगण्यात फार शहाणपणा दाखवू नये. ज्यांनी तीस वर्षं वेचलं त्यांना "पाठ सरळ ठेवा" सांगून उपयोग नसतो, दोन पऱ्हाटींच्या मध्ये ते होतही नाही. होतं ते एवढं: एक पाय अर्धं पाऊल पुढे ठेवायचा, रिकामा हात मांडीवर टेकायचा आणि वजन त्या हातावर द्यायचं. फार खालची बोंडं असतील तर एक गुडघा टेकायचा. त्यासाठी जुन्या गादीचा फोम सुती कापडात शिवून गुडघ्याला बांधायची गादी करता येते. तरुण मुलींना ती आवडली. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात त्यांनी ती वापरलीच नाही, कारण टेकलेला गुडघा उचलताना जास्त कळ येते. अशा बायांना मी आता पहिल्या वेच्याला ढिगावर ठेवतो: कापूस उन्हात पसरणं, कवडी (किडका कापूस) आणि पानाचा चुरा वेगळा काढणं, गाठोडी बांधणं. चाकांच्या बैठ्या स्टुलाचाही प्रयोग केला, पण आपल्या काळ्या जमिनीच्या भेगांत चाक अडकतं. तो नाद सोडला.

दर अर्ध्या तासाला एक मिनिट: उभं राहायचं, तळहात कमरेवर ठेवायचे, आणि पाचदा हळूच मागे झुकायचं. मान दोन्ही खांद्यांकडे वळवायची, मुठी उघडझाप करायच्या. दिवसाला चौदा-पंधरा मिनिटं जातात, पण दुपारनंतरच्या आकड्यात ती परत मिळतात. एकटी बाई हे करत नाही, शेजारची पुढे जाईल म्हणून. सगळ्यांनी एकाच वेळी करायचं ठरवलं तरच होतं. आमच्याकडे एक काकू मोबाईलमध्ये घंटी लावतात आणि मोठ्याने हाक देतात.

वाकण्याचा खरा निर्णय मात्र पेरणीच्या वेळीच होतो. ओळींत मोकळेपणाने उभं राहता येईल एवढं अंतर, आणि वेळेवर शेंडा खुडून आटोक्यात ठेवलेली उंची, या दोन गोष्टी वेचणीला जेवढ्या उपयोगी तेवढ्याच फवारणीलाही. २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो आजारी पडले. त्या वर्षी कापूस डोक्याच्या वर गेला होता आणि औषध तोंडावर उडत होतं. माणसाच्या उंचीपेक्षा पीक उंच झालं की कामाची प्रत्येक हालचाल धोक्याची होते.

पाचवी पायरी: वेळ

दव असताना वेचू नये, कापूस ओला येतो. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलाव्याची मूळ मर्यादा आठ टक्के आहे. बारापर्यंत कपात करून घेतात, त्यापुढे नाकारतात. डिसेंबरात दव दहापर्यंत टिकतं, ऑक्टोबरात साडेआठलाच सुकतं आणि अकराला ऊन भाजायला लागतं. म्हणून वर्षभर एकच वेळ धरून चालत नाही. ऑक्टोबरात दव सुकताच सुरुवात, बारा ते दोन झाडाखाली विश्रांती, मग पाचपर्यंत. थंडीत दहा ते पाच सलग, मध्ये जेवण. पण हे ठरवताना बायांना विचारा. सकाळी घरचा स्वयंपाक, पाणी, शाळेचा डबा उरकून येणाऱ्या बाईला साडेआठची वेळ कशी जमणार? आमच्या गावात लहान मुलं असलेल्या बाया उशिरा येतात आणि त्यांचा काटा वेगळा होतो. कुणाची हरकत नाही.

दोन वेच्यांत पंधरा ते वीस दिवस ठेवा आणि तीस-चाळीस टक्के बोंडं फुटल्यावरच पहिला वेचा धरा. अर्धवट उघडलेलं बोंड ओढायला दुप्पट वेळ लागतो आणि बोटांची साल तिथेच जाते.

बोटांबद्दल इथेच सांगतो. वाळलेल्या बोंडाच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात, नखांच्या मुळाशी टोचतात आणि तिथे पू होतो. आपल्या बाया चिंध्या गुंडाळतात. औषधाच्या दुकानातला कापडी चिकटपट्टीचा रोल त्याहून बरा, दोन्ही हातांच्या अंगठ्याला आणि पहिल्या दोन बोटांना दोन वेढे द्यायचे. बोटाचं टोक मोकळं ठेवा, नाहीतर कापूस हाताला लागत नाही. संध्याकाळी साबणाने हात धुऊन खोबरेल तेल. अलीकडे फवारणी झाली असेल तर औषधाच्या पुड्यावर लिहिलेला काळ उलटल्याशिवाय वेचायला कुणाला बोलावूच नका. तुटलेल्या कातडीतून औषध लवकर अंगात जातं.

सहावी पायरी: ओझं

अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या निऑश या संस्थेने उचलण्याच्या ओझ्यासाठी तेवीस किलो ही मर्यादा धरली आहे, आणि तीही सगळी परिस्थिती अनुकूल असेल तेव्हाची: वजन अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, पकड चांगली, वळण नाही. आपलं गाठोडं पस्तीस-चाळीस किलोचं, जमिनीवरून उचलायचं, पकड कापडाच्या गाठीची, आणि मग डोक्यावर घेऊन ढेकळांतून धुऱ्यापर्यंत. दिवसभर वाकून थकलेल्या पाठीने, दिवसाच्या शेवटच्या तासात.

मलेशियातल्या पाम तेलाच्या मळ्यांत फळाचा एकेक घड दहा ते पंचवीस किलोचा असतो, आणि आतून तो बाहेर काढायला तिथे रेड्यांच्या गाड्याही वापरल्या गेल्या आहेत. आपल्याकडे बंडी धुऱ्यावर उभी असते, बैल बाभळीखाली रवंथ करत असतात आणि चाळीस किलो बाई आणते. ही सवय कुणी ठरवून लावलेली नाही, म्हणून ती मोडायलाही कुणाची परवानगी लागत नाही.

नियम मी असा केला: एका गाठोड्यात वीस किलोपेक्षा जास्त नाही. बाईचा चाळीस किलो असेल तर दोन गाठोडी, दोन्हींवर तिच्याच नावाची खूण. गाठोड्याला चारही कोपऱ्यांत कापडी कान शिवले की दोघींना दोन बाजूंनी उचलता येतं. ओळींमध्ये बंडी जाईल एवढा एक मोकळा पट्टा पेरणीतच सोडला तर ती ढिगापर्यंत येते. तेवढ्या जागेच्या कापसाचं नुकसान होतं, पण माझ्या हिशोबात ते परवडलं.

काटा जमिनीवर ठेवू नका. डिजिटल लटकता काटा निंबाच्या फांदीला किंवा तीन बल्ल्यांच्या तिकाटण्याला लावा, आकडा बाईच्या डोळ्यांसमोर येईल एवढा. आकडा तिलाही दिसला की भांडण होत नाही. बंडीत भरताना वर उभ्या असलेल्या माणसाने गाठोडं ओढून घ्यायचं, खालून ढकलायचं नाही. 

सातवी पायरी: पाणी, आणि जिथे कुणी बोलत नाही ती जागा

उन्हात काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला पाणी प्यावं. वेचणाऱ्या बायांपैकी फार थोड्या एवढं पितात. पाणी धुऱ्यावर ठेवलेलं असतं, पण कारण ते नाही. लघवीला जायला आडोसा नसतो, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. शेजारच्या तुरीच्या पट्ट्यात पुरुष माणूस असेल तर दुपारपर्यंत दाबून धरतात. मग लघवीची जळजळ, ताप, आणि आठवडाभर काम बंद. पाळीच्या दिवसांत तर बाई घरीच राहते आणि तो रोज बुडतो.

हे सोडवायला चार बांबू आणि जुनी गोणपाटं पुरतात. धुऱ्यापासून थोडं लांब, वाऱ्याच्या दिशेने, आत एक खड्डा, बाजूला मातीचा ढीग आणि फावडं, एक बादली पाणी. मला वाटलं होतं बाया संकोचतील. पहिल्याच दिवशी माठ दुपारी रिकामा झाला आणि पुन्हा भरावा लागला. माझ्या सगळ्या खटाटोपात एवढा झटपट फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही.

माठ ढिगापाशीच ठेवा, एक सावलीत आणि एक पुढच्या ढिगाशी. ऑक्टोबरात घाम जास्त, तेव्हा दुपारी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून पाजा. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका.

विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या जन्मजात आजाराचे रुग्ण बरेच आहेत, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर आणि मेळघाटाकडे. अंगातलं पाणी कमी होणं, पहाटेची थंडी आणि दमछाक या तिन्हींनी त्यांना वेदनेचा झटका येतो. कुणाला सिकलसेल आहे हे चारचौघांत विचारू नका. पण ज्या बाईला हातापायांची हाडं सारखी दुखतात, डोळे पिवळे दिसतात, तिला तपासणीला पाठवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती होते. गरोदर बाईला ओझं आणि वाकणं दोन्ही नको. ढिगावरचं बैठं काम द्या आणि रोज तोच ठेवा.

साप: वेचणीत हात पानांत आणि पाय सावलीत जातो, घोणस आणि मण्यार दोन्ही आपल्याकडे आहेत. घोट्याच्या वर जाणारे बूट द्या, चपला नकोत. चावला तर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, बाईला चालवू नका. हात-पाय हलू न देता आडवं करून १०८ ला फोन करा. नेटवर्क कुठे मिळतं ते आधीच बघून ठेवा, माझ्या वावरात फक्त विहिरीच्या काठावर मिळतं.

आठवी पायरी: मोबदला

इथे बऱ्याच मालकांशी माझं पटत नाही. किलोच्या भावाने वेचणी दिली की बाई पाणी प्यायला थांबत नाही, पाठ मोकळी करत नाही, आणि अर्धवट फुटलेलं बोंड, कवडी, पान सगळं ओटीत टाकते. भाव गावागणिक आणि वेच्यागणिक वेगळा असतो, पण रीत सगळीकडे तीच. मग व्यापारी कचरा म्हणून कापतो आणि आपण बाईला दोष देतो. माझ्या एका गाडीतून कचऱ्यापोटी एवढी कपात झाली होती की आठवडाभराची वेचाई त्यात गेली. ती गाडी घाईने वेचलेली होती, आणि घाई मी लावली होती.

मी आता तिसऱ्या वेच्यापर्यंत भाव किलोचाच ठेवतो, पण विश्रांतीच्या मिनिटांसाठी आणि ढीग साफ करण्यासाठी रोज ठरावीक रक्कम वर देतो. स्वच्छ कापसाच्या गाडीला चांगला दर मिळाला तर त्यातला वाटा सगळ्यांना सारखा. शेवटच्या वेच्याला झाडावर कापूस तुरळक असतो, बाई दिवसभर फिरून पंधरा किलोही जमवत नाही. तिथे सरळ रोज द्यावा. तो वेचा किलोवर देणं म्हणजे फुकट राबवणं.

नववी पायरी: पुन्हा मोजा

अॅप्रन, ढीग, पाणी, आडोसा हे सगळं लागू केल्यावर दोन आठवड्यांनी पहिल्या दिवसाचाच कागद काढा आणि तेच चार प्रश्न. माझ्याकडे दुपारनंतरचा आकडा सकाळच्या जवळ आला. सकाळचा फारसा वाढला नाही. म्हणजे बाया जोराने वेचायला लागल्या असं नाही, तर त्या दिवस पेलायला लागल्या. कमरेवर हात ठेवणाऱ्या कमी झाल्या, मानेवर ठेवणाऱ्या तेवढ्याच राहिल्या. मानेसाठी माझ्याकडे अजून उत्तर नाही. उंच पऱ्हाटीत वर बघून वेचावं लागतं, आणि तो इलाज शेंडा खुडण्यातच असावा असं मला वाटतं.

कुणाच्या पायात मुंग्या येतात, एक पाय जड पडतो, किंवा लघवीवरचा ताबा सुटतो, तर तो थकवा नव्हे. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

तयारी कधी करायची? पोळा झाला की शिंप्याकडे मांजरपाट टाका, कारण दसऱ्याआधी त्याला फुरसत नसते. नवरात्रात बांबू आणि गोणपाटं काढून ठेवा. सीतादहीच्या, म्हणजे वेचणीआधीच्या पूजेच्या दिवशी, दहीभाताचा नैवेद्य झाल्यावर आणि पहिला कापूस हातात घेण्याआधी, अॅप्रन वाटा. त्या दिवशी घाई नसते, बाया एकमेकींचे पट्टे बांधून देतात आणि कुणाचं बटण कुठे हवं ते तिथेच ठरतं. हंगाम संपला की अॅप्रन साबणाच्या पाण्यात धुऊन, निंबाचा पाला घालून, उंदरांपासून लांब पेटीत ठेवा. मागच्या वर्षी मी ते गोठ्यात टांगले होते. अर्धे कुरतडले गेले.